वळणावरचा फोटो

२७ नोव्हेंबर
वेळापत्रक आलं. नाताळची आगगाडी आमच्या हॅल्ब्रोला ९ डिसेंबरला, संध्याकाळी साडेपाच. म्हणजे गावाबाहेरच्या वळणावर सव्वापाच. म्हणजे सूर्य नुकताच गेलेला, आकाश अजून निळं, खाली बर्फ आणि मधून हजारो दिव्यांनी मढलेली गाडी. हे वेळापत्रक कोणीतरी माझ्याच सोयीनं बनवलंय.

अकरा वर्षं झाली मी या गाडीचा फोटो काढतो. बाकी गाव स्टेशनवर जातं, फूड बँकेसाठी सूपचे नि शेंगांचे डबे देतं, गाडीतल्या बँडची गाणी ऐकतं, गरम चॉकलेट पितं आणि घरी येतं. मी एकटा कलेसाठी जातो. आर्डिथ म्हणते, अकरा वर्षांत एक तरी डबा दिलास का? मी सांगितलं, माझे दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले असतात. बायकोला एवढं कळायला हवं.

अकरा वर्षांत फोटो नीट आलेला नाही, हे खरं. पण त्यात माझी चूक एकदाही नव्हती. एकदा बॅटरी गोठली. एकदा लेन्सवर वाफ. गेल्या वर्षी फूड बँकेच्या नेटी फ्रीसनच्या टोपीवरचा लोकरीचा गोंडा इंजिनाच्या बरोब्बर मधोमध. नेटी गेली पंधरा वर्षं गावातल्या गरजूंना जेवू घालतेय, म्हणून तिला कोणी काही बोलत नाही. गोंड्याबद्दल मी तरीही बोललो.

या वर्षी स्टेशन नाही. गर्दी नाही. वळण.

३ डिसेंबर
एक किरकोळ अडचण. आर्डिथच्या शाळेतल्या मुलांना यंदा गाडीसमोर गायला मिळणार आहे. बँड सुरू व्हायच्या आधी, एकच गाणं. महिना-दीड महिना चर्चच्या तळघरात तालीम चालू आहे. सुरुवातीच्या ओळी जोव्ही एकटी म्हणणार. जोव्ही आठ वर्षांची, तिचे आईवडील फिलिपिन्सहून इथल्या वृद्धाश्रमात कामाला आलेत. गावात आली तेव्हा वर्षभर शाळेत तोंड उघडलं नव्हतं म्हणे. आता तिचं तोंड बंद करावं लागतं, असं आर्डिथ सांगते आणि सांगताना स्वतःच हसते.

तर आर्डिथनं मला फर्मावलं: "तू पहिल्या रांगेसमोर उभा राहायचं आणि मुलांचे फोटो काढायचे. सगळ्यांच्या आईबापांना मी सांगून बसलेय."

हो म्हणालो. मग शांतपणे विचार केला. वळण स्टेशनपासून चार किलोमीटर. गाडी गावाजवळ येताना हळू होते. मी फोटो काढणार, ट्रकमध्ये बसणार, शेतामधल्या रस्त्यानं गाडीच्या आधी स्टेशनवर. दुपारी जाऊन पाहिलं. आरामात जमतं. रस्त्यावर बर्फ नव्हता, पण बर्फ काय, असतोच.

आर्डिथला सांगायची गरज नाही. तिला बारकाव्यांचा कंटाळा आहे.

७ डिसेंबर
वळणाची पाहणी. कुंपणाच्या बाहेरून फोटोत तारेचा खांब येतो. कुंपणाच्या आतून खांब जातो पण इंजिन तिरकं दिसतं. पिवळी पाटी आहे, आत येऊ नये. ती दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या पोरांसाठी आहे. मी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढली. यंत्रं काय करतात ते मला कळतं.

रुळांच्या मधे उभं राहिलं की सगळं जुळतं. दोन्ही रूळ तुमच्याकडे धावत येतात. तिथे फक्त एक क्षण लागेल. क्षण म्हणजे काय, उभं राहणंसुद्धा नाही ते.

९ डिसेंबर, सकाळ
उणे सव्वीस. बॅटऱ्या बगलेत ठेवल्यात. आर्डिथ मुलांच्या लाल मफलरांना इस्त्री करतेय. मफलरला इस्त्री! इतकी धडधड तिला आमच्या लग्नातही झाली नव्हती. मान वर न करता म्हणाली, मर्व्ह, नक्की कुठे उभा राहणार आहेस? म्हणालो, समोर.

यात खोटं काही नाही.

९ डिसेंबर, रात्री
फोटो मिळाला! आयुष्यातला सगळ्यात चांगला. 

गाडीला जरा उशीर झाला. मुलांचं गाणं झालं नाही. आर्डिथनं विचारलं, दिसला नाहीस कुठे? म्हणालो, गर्दीच्या मागे होतो. ती पाठ करून झोपली आहे. मीही झोपतो.

१० डिसेंबर
झोप नाही. नोंद म्हणून सगळं लिहून ठेवतो.

गाडी जवळजवळ तासभर उशिरा आली. पुढच्या गावात लोक थंडीत उभे होते, त्यामुळे हॅल्ब्रोला दहाच मिनिटं थांबली. बँडनं एक गाणं वाजवलं, नेटीच्या हातात फूड बँकेचा चेक ठेवला, हात हलवले, संपलं. मी पोहोचलो तेव्हा बँड वाजत होता, तेवढं तरी मी पाहिलं. मुलं लाल मफलर बांधून तासभर उभी होती. चौघांना आया घरी घेऊन गेल्या. एकाला बुटातच शू झाली. गाडीच्या माणसानं आर्डिथला हात जोडून सांगितलं, बाई, वेळच नाही हो. तिनं मान हलवली. जोव्हीला बहुतेक कळलंच नाही. बँड थांबल्यावर तिनं गायला सुरुवात केली. पहिला सूर लावला आणि शिट्टी झाली आणि गाडी हलली. ती गातच राहिली, म्हणजे ओठ हलत होते. मी मागून पाहत होतो.

फोटो काढला नाही. बॅटरी होती.

दुपारी गावातल्या कॅफेत कॉफीला गेलो तर चर्चा एकच. नेटी म्हणाली, कोणीतरी मूर्ख रुळावर होता, ड्रायव्हरला आपत्कालीन ब्रेक लावावा लागला. मी म्हणालो, "असल्या माणसांना धरून तुरुंगात टाकलं पाहिजे!" टेबलावर हात आपटला. नेटीची कॉफी सांडली. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. लोकांनी माना डोलावल्या. घरी येताना थोडा वेळ मला खरंच त्या माणसाचा राग आला होता.

११ डिसेंबर
वस्तुस्थिती अशी. मी रुळावर होतो हे म्हणणं बरोबर नाही. मी रुळांच्या मधे होतो. गाडी वळली, दिवे आले, मी बटण दाबलं. भोंगा वाजला. भोंगा ते नेहमीच वाजवतात, त्यात मला उद्देशून काही आहे असं मी का समजावं? आणखी तीन फोटो काढले. मग ब्रेकचा आवाज झाला. तो आवाज मी विसरू शकत नाही, पण मी वेळेत बाजूला झालो. चराजवळ उडी मारली. कमरेएवढा बर्फ. गाडी माझ्यापुढून सरकत जाऊन थांबली.

मला वाटलं, पाच मिनिटांत निघेल.

इथे थांबतो. जेवायला बोलावलंय.

१२ डिसेंबर
आर्डिथ फोटो मागतेय. आईबापांचे फोन येताहेत. जोव्हीच्या आईनं केळीच्या पानात गुंडाळलेला गोड भात पाठवला, "तुमच्या मिस्टरांनी एवढी मेहनत घेतली म्हणून." मी दोन तुकडे खाल्ले. चांगला होता. 

आर्डिथला सांगितलं, फोकस गेला.

"सगळ्या फोटोंचा?"

"थंडीनं."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बटाटे सोलायला घेतले. आमची जेवणं झाली होती.

संकल्प: फोटो कुणाला दाखवायचा नाही. फोटो कुठून काढला हे आंधळ्यालाही कळेल. आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो आणि तो बघायला जगात मी एकटा. नशीब पाहा. यात सर्वांत मोठं नुकसान कुणाचं झालं असेल तर माझं.

१४ डिसेंबर
फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. नुसतं बघायला. बर्फावर लाल-हिरवा उजेड किती सुंदर पडलाय. इंजिनाच्या काचेत एक पिवळट ठिपका होता, तो पुसून टाकावा म्हणून आणखी मोठा केला.

ठिपका नाही. माणूस आहे. तोंड उघडं आहे. एक हात वर, पंजा पसरलेला, जणू काचेतून मला ढकलून बाजूला करायचंय.

कॉम्प्युटर बंद केला. परत लावला. परत बंद केला.

१५ डिसेंबर
आर्डिथ शाळेत गेली आहे. आता उरलेलं लिहितो. हे कोणी वाचणार नाही, म्हणून तरी लिहितो.

गाडी थांबली. इंजिनाचं दार उघडलं आणि ड्रायव्हर शिडीवरून खाली आला. जवळजवळ पडलाच. हातात टॉर्च. गाडीच्या कडेनं बर्फात चालायला लागला. प्रत्येक डब्यापाशी गुडघ्यावर बसायचा आणि चाकांखाली उजेड टाकायचा. अंगावर डब्याच्या दिव्यांचा कधी लाल, कधी हिरवा रंग. आणि हाका मारत होता.

"ओ भाऊ! ओ भाऊ, ऐकू येतंय का? आवाज द्या! नुसतं कण्हा तरी! मी आलोच!"

मी त्याच्यापासून ट्रकच्या लांबीइतका दूर होतो. बर्फाच्या ढिगामागे. पालथा. कॅमेरा पोटाखाली धरला होता, त्याचा पडदा चमकू नये म्हणून.

उठून हात वर केला असता तर तो मला शिव्या देऊन निघून गेला असता. गाडी पाच-दहा मिनिटं उशिरा पोहोचली असती. मुलं गायली असती. हे मला तेव्हासुद्धा समजत होतं. डोकं अगदी स्वच्छ चालत होतं. पण मनात आलं, आता उठलो तर आर्डिथला कळेल मी स्टेशनवर नव्हतो.

तेवढंच मनात आलं. दुसरं काही नाही.

तो शेवटच्या डब्यापर्यंत गेला आणि परत आला. परत येताना आवाज बदलला होता. आता ओरडत नव्हता. हळू म्हणत होता, "भाऊ, प्लीज. प्लीज." मग मागून आणखी माणसं आली. त्यांनी टॉर्च दुसऱ्या बाजूला नेले, तेव्हा मी कुंपणाकडे रांगत गेलो. छप्पन्न इंच छातीचा माणूस मी, रांगत.

१६ डिसेंबर
रेल्वेला निनावी चिठ्ठी पाठवायचं ठरवलं. डाव्या हातानं लिहिली: "रुळावरचा माणूस सुखरूप आहे. काळजी नसावी." वाचून पाहिली. सहलीला गेलेल्या माणसाचं पत्र वाटत होतं. फाडली.

मग ठरवलं, नाताळ होऊ दे. सणासुदीला लोकांच्या आनंदात विरजण कशाला?

१७ डिसेंबर
तो आज आला होता.

मी आणि नेटी कॉफी घेत होतो. पन्नाशीचा माणूस आत आला, टोपी हातात, दाढी वाढलेली. काउंटरवर विचारलं, गावातलं कोणी बेपत्ता आहे का? किंवा कोणी जखमी, आजारी, बरेच दिवस दिसलेलं नाही असं? नेटीनं त्याला खुर्ची दिली. नाव लायल मकेचर्न. गाडी तोच चालवत होता.

नेटी म्हणाली, "अहो, पण पोलिसांना पावलं मिळाली ना? रस्त्यापर्यंत गेलेली?"

तो म्हणाला, "मिळाली. पळून गेला म्हणतात. पण ताई, पावलं कमी आणि रांगल्याच्या खुणा जास्त. धक्का बसलेला माणूस चालत जातो आणि पुढे कुठेतरी कोसळतो. त्या दिवशी थंडी किती होती." मग आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "आठ वर्षांपूर्वी एकदा खरंच माझ्या गाडीखाली माणूस आला होता. तेव्हा मी खाली उतरलो नव्हतो. माझ्यानं उतरवलंच नाही."

कामावर अजून गेलेला नाही. आज पुन्हा चराच्या कडेनं चालून आला होता. पँट मांडीपर्यंत ओली.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणालो, "अहो, तो ठणठणीत असणार. असल्या लोकांना काही होत नाही. घरी बसून कॉफी पीत असेल."

त्यानं मान वर केली. माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी डॉक्टर आहे. "खरंच वाटतं तुम्हाला?"

"शंभर टक्के."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, "थँक यू. कोणीतरी असं ठामपणे म्हणायला हवं होतं."

मी परिस्थिती चांगली हाताळली. त्याला धीर दिला. माणुसकीच्या नात्यानं जेवढं करता येईल तेवढं

नाही. हे वाक्य पुरं करत नाही.

१८ डिसेंबर
आर्डिथला सांगितलं. सगळं. ती मफलरांच्या घड्या घालत होती, शाळेत परत द्यायला. मी बोलत असताना घड्या घालणं चालूच होतं. संपल्यावर विचारलं, "जोव्हीचं गाणं त्यामुळे गेलं?"

"हो."

"आणि तो माणूस तुला हाका मारत होता."

"हो."

मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मग हे मला कशाला सांगतोस? मी कुठे तुला शोधत होते?"

आणि खोका उचलून गेली. मी म्हणालो, दे, मी धरतो. म्हणाली, राहू दे.

१९ डिसेंबर
आज लायलकडे जाणार होतो. ट्रक सुरू होईना. थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची वायर रात्री लावायला विसरलो. विसरलो म्हणजे, आठवण होती.

२० डिसेंबर
बर्फ. रस्ता चालू होता. पण बर्फ होता.

२१ डिसेंबर
पत्ता हवा म्हणून नेटीकडे गेलो. फूड बँकेत नाताळच्या पेट्या भरण्याची गडबड. मी म्हणालो, त्या ड्रायव्हरचा पत्ता दे. कशाला, म्हणाली. सांगितलं कशाला.

तिच्या दोन्ही हातांत शेंगांचे डबे होते. ते तिनं खाली ठेवले.  मग म्हणाली, "मर्व्ह, तू तर टेबलावर हात आपटत होतास रे."

एवढंच. पत्ता लिहून दिला. मी विचारलं, पेट्या भरायला मदत करू का? म्हणाली, आज माणसं पुरेशी आहेत. माणसं दोनच होती.

२२ डिसेंबर
गेलो.

शहरापर्यंत दीड तास. वाटेत भाषण तयार केलं. आधी वाऱ्याचा मुद्दा: वारा उलटा होता, हाका स्पष्ट येत नव्हत्या. मग टोपीचे कान खाली ओढलेले. मग भोंग्यानं कानठळ्या बसलेल्या. मग माझं वय. शेवटी मनापासून दिलगिरी. मोठ्यानं म्हणून पाहिलं, चांगलं वाटलं. दुकानातून बिस्किटांचा डबा घेतला, वर सोनेरी फीत.

दार त्यानंच उघडलं. पायात घरातल्या सपाता. मला पाहून चेहरा उजळला. म्हणाला, "तुम्ही! कॉफीवाले! काय झालं, सापडला का तो?"

म्हणालो, "हो. मीच तो."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं मला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं, हळूहळू, मध्येच गुडघ्यांपाशी थांबून. मला वाटलं मारणार. पण तो म्हणाला, "कुठे लागलं नाही ना?"

"नाही."

"पाय, पाठ, काही?"

"काही नाही."

त्यानं दाराच्या चौकटीला हात टेकला. श्वास सोडला, तोंडातून वाफ आली. मग म्हणाला, "मी हाका मारत होतो. तुम्हाला ऐकू आल्या का?"

वारा, टोपी, भोंगा, वय. सगळं जिभेवर होतं.

म्हणालो, "आल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यानं मान हलवली, दोन-तीनदा, काहीतरी जागेवर बसवल्यासारखी. पुढे विचारेल, का, म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यानं विचारलं नाही. "बरं," म्हणाला, आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही.

मी पायरीवर तसाच उभा, हातात बिस्किटं. आतून त्याचा आवाज आला, बायकोला सांगत असावा.

"अगं, जिवंत आहे तो. धडधाकट आहे."

मग ती काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "कोण म्हणजे, कुणी नाही गं. एक म्हातारा आहे."

आणि मग ती बाई जोरात रडायला लागली, इतके दिवस धरून ठेवल्यासारखी. तो तिला गप्प करत होता आणि त्याचाही आवाज फुटत होता.

मी डबा पायरीवर ठेवला. पुन्हा उचलला. ट्रककडे गेलो.